ग्रहणातला पेरू

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि का लिहीत नाही ते पुढे येईलच. तसंही बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांच्या नावावाचून कुणाचं काही अडलं नाही. किराणावाला तेलुगू, इस्त्रीवाला दखनी बोलणारा, आम्ही नांदेडकडचे, पण सगळ्यांसाठी ते पेशकारसाहेब. कोर्टात न्यायाधीशाच्या पुढ्यात बसून खटल्याचे कागद लावून देणाऱ्या माणसाला इकडचे जुने लोक पेशकार म्हणतात. साहेबांनी जन्मभर तेच काम केलं. रिटायर झाल्यावर काळा कोट खुंटीला टांगला, पण कोर्टाची सवय काही त्यांना टांगता आली नाही. ते माडीवर एकटे राहायचे, आम्ही खाली भाड्याने.

सवय कोणती, तर कुणी काहीही केलं की मान तिरकी करून विचारायचं, "नियत काय होती?"

भाजीवालीने एक टोमॅटो जास्तीचा टाकला. साहेबांनी विचारलं, "नियत काय होती, अम्मा?" ती म्हणाली, तो जरा पिचका आहे साहेब, तुम्ही बघणार नाही असं वाटलं. दुसरा कुणी असता तर भांडला असता. साहेब खूश झाले. खरं बोलली म्हणून पिचका टोमॅटो हौसेने घरी घेऊन गेले आणि त्याची खट्टी दाळ करून मला वाटीभर पाठवली. दाळ वाईट होती. त्यांच्या हाताला चव नव्हती आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं चालायचं नाही, हेही सांगून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी एखाद्या भंतेजींची गोष्ट सांगतेय. साहेब तापट होते. शर्टाची इस्त्री मोडली की दिवसभर तोंड फुगवायचे. आणि पालीला इतके घाबरायचे की भिंतीवर पाल दिसली की जिन्यातूनच मला हाक, "बाई, जरा वर या. साक्षीदार आला आहे."

आम्ही नवे नवे राहायला आलो तेव्हाची गोष्ट. न्हाणीतला नळ गळत होता. मालकाला कसं सांगायचं म्हणून मी शेवयांची खीर केली, वर बदाम किसून घातला, आणि घेऊन गेले. साहेबांनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आज काय आहे?"

"काही नाही, सहज."

"सहज बदाम किसत नाही कुणी. काम काय आहे?"

मी म्हटलं, नळ गळतोय.

"मग ही खीर नळाची आहे. नळ दुरुस्त होईल. ही घेऊन जा."

मला असा राग आला. माणसाने किती ताठ असावं. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, नळ झाला. मी पुन्हा खीर नेली, म्हटलं आता तर काही काम नाही. साहेब म्हणाले, काल परत पाठवली त्याचं उत्तर द्यायला आणली आहे, ही रागाची खीर आहे, नक्को. मी खाली येऊन यजमानांना म्हटलं, हे घर सोडू या. मग कितीतरी दिवसांनी माझी वैशाली दहावी पास झाली, घरात पातेलंभर खीर झाली, आणि मी काही मनात न आणता, हात पुसत पुसत, एक वाटी वर ठेवून आले. संध्याकाळी वाटी परत आली ती घासून पुसून, आणि वर निरोप, उरली असेल तर अजून पाठवा.

तेव्हापासून मला एक खोड लागली. कुणाला काही द्यायला निघाले की उंबऱ्यात क्षणभर थांबते. हे कशाचं आहे, नळाचं, रागाचं, की नुसतंच? बऱ्याचदा नळाचं निघतं. तरी देते. पण माहीत असतं.

मलकपेठेकडच्या एका विहारात आम्ही रविवारी जायचो. तिथे साहेबांचा वाद पंख्यावरून झाला. लोक पंखे दान देतात आणि पात्यांवर आपलं नाव रंगवून घेतात. साहेबांच्या वडिलांनी दिलेलाही एक होता. साहेब स्टुलावर चढले आणि तारपीन लावून वडिलांचं नाव पुसायला लागले. लोक म्हणाले, अहो, बापाचं नाव पुसताय. साहेब वरूनच बोलले, "पंखा चालू असला की नाव दिसत नाही, आणि नाव दिसायला पाहिजे तर वारा बंद करावा लागतो. आता तुम्हीच सांगा, माझ्या बापाला यातलं काय द्यायचं होतं?" सगळे हसले. नाव पुसलं गेलं.

भंतेजी कम्मावर, म्हणजे कर्मावर, बोलायचे तेव्हा साहेब पहिल्या रांगेत. घरी येऊन मला समजावायचे, कारण मी शाळेत फार गेलेली नाही, वाचायला लागले तेच मुलांच्या पुस्तकांवरून. ते सांगायचे, "बाई, कोर्ट आधी हात बघतं, मग मन. तथागत आधी मन बघतात. हात हलला म्हणून कम्म होत नाही, मनाने हलवला तर कम्म. चेतना म्हणतात तिला. आमच्या कोर्टात तीच नियत."

यजमानांना हे पटायचं नाही. त्यातच एकदा माडीच्या कठड्यावरची तुळशीची कुंडी वाऱ्याने पडली ती नेमकी यांच्या खांद्यावर. साहेब धावत खाली आले, हातात शेकायची पिशवी. हे कण्हत म्हणाले, आता सांगा साहेब, नियत नव्हती ना तुमची?

"नव्हती," साहेब म्हणाले.

"मग माझा खांदा का दुखतोय?"

"कुंडीला वजन होतं म्हणून. नियत नव्हती म्हणून पाप लागत नाही, पण शेकायला तर मलाच पाहिजे." आणि खरंच तासभर बसून शेकलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी कठड्यावरच्या सगळ्या कुंड्या खाली अंगणात. मी म्हटलं, एवढं कशाला, एकदाच पडली. तेव्हा जे बोलले ते मी विसरले नाही. "काल मला माहीत नव्हतं, कुंडी पडू शकते. आज माहीत आहे. आता पडली तर ती वाऱ्याने पडली असं मला म्हणता येणार नाही."

आता वैशालीचं सांगते, कारण हे सगळं सांगायचं कारण तेच आहे.

वैशालीचं लग्न नांदेडला झालं. जावई शाळेत मास्तर, माणसं चांगली. पहिल्या बाळंतपणाला ती सातव्या महिन्यात माझ्याकडे आली आणि त्याच महिन्यात सूर्यग्रहण लागलं, भर दुपारचं. आता आमच्या लोकांचं कसं आहे बघा. देव्हारा गेला, व्रतं गेली, नवससायास गेले, भिंतीवर बुद्धांची तसबीर आली. पण ग्रहण मात्र काढायचं राहूनच गेलं. पोटुशी बाईने ग्रहणात चिरायचं नाही, शिवायचं नाही, सरळ पडून राहायचं, हे आम्ही दीक्षेच्या आधीच्या घरातून जसंच्या तसं उचलून आणलं. विहीणबाईंचा सकाळपासून फोन. मीही म्हटलं, पोरी, पडून राहा. ती पडली. पण सातव्या महिन्याची भूक ती. मी पाणी झाकायला स्वयंपाकघरात गेले, तोवर हिने टोपलीतला जाम घेतला, इकडे पेरूला जाम म्हणतात, आणि विळीवर चिरून, तिखटमीठ लावून खाल्ला. मी आले तेव्हा ताटलीत फक्त बिया.

मार्चमध्ये मुलगी झाली. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला.

विहीणबाईंनी फोनवर पहिलंच विचारलं, ग्रहणात काही चिरलं होतं का? वैशालीला खोटं बोलता येत नाही. तिने सांगितलं. विहीणबाई वाईट बाई नव्हत्या बरं का. त्या रडत होत्या. पण रडून झाल्यावर म्हणाल्या, पात्याने झालंय ते, आता पुन्हा तिथे पातं लावू देऊ नका, नाहीतर पोरगी हातची जाईल.

डॉक्टरीणबाईंनी वैशालीला जवळ बसवून सांगितलं की ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळतात, ग्रहण लागलं तेव्हा ते कधीच ठरून गेलं होतं. तीन-साडेतीन महिन्यांची झाली, वजन भरलं, की शिवून टाकू, नीट दूध ओढेल. वैशाली मान हलवत राहिली. घरी येऊन तिने बाळाच्या तोंडावर मऊ दुपट्टा टाकला. तो मग निघालाच नाही. बाळाला ओढता यायचं नाही म्हणून आम्ही वाटी-चमच्याने पाजायचो, अर्धं गळ्यावर ओघळायचं. तेवढ्यापुरता दुपट्टा वर आणि पुन्हा खाली. शस्त्रक्रियेला बोलावलं त्या सकाळी वैशाली बाळाला पोटाशी धरून खोलीत बसली. आली नाही. जावई नांदेडहून आले होते, ते नुसते येरझाऱ्या घालत राहिले. एकीकडे आई, एकीकडे बायको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात आणा, पण आणा.

मी माडीवर गेले. साहेबांना म्हटलं, मी खीर आणलेली नाही, कामच आहे.

ते इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. खुर्ची ओढून वैशालीसमोर बसले. तिला शाळेत असल्यापासून बघितलेलं, ती त्यांना आजोबा म्हणायची.

"दुपट्टा कशासाठी, बेटा? माशा आहेत?"

"नाही."

"ऊन आहे?"

तिने दुपट्ट्याची कड सारखी केली. साहेबांनी दुपट्ट्याला हात लावला नाही. म्हणाले, ठीक आहे, आपण खटला चालवू. फिर्याद काय आहे? तू जाम चिरला. कबूल?

"कबूल."

"चिरला तेव्हा पोटातल्या लेकराचं वाईट व्हावं, असं मनात होतं?"

"काहीतरीच काय, आजोबा."

"मग काय होतं मनात?"

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "भूक लागली होती."

"बस्स," साहेब म्हणाले. "भुकेचा जाम. यात कम्म शोधायचंच तर आईने लेकरासाठी खाल्लं एवढंच सापडतं. खारीज."

मला वाटलं झालं. पण वैशालीने डोळे वर केले आणि म्हणाली, "डॉक्टरही तेच म्हणाल्या, ग्रहणाने नाही. मग मागच्या जन्माचं असेल. माझं नाहीतर हिचं. ते भोगूनच संपवायला लागतं ना? आत्ता शिवून टाकलं तर पुढच्या जन्मी पुन्हा येईल."

साहेबांचा राग मी पुष्कळ पाहिला होता, इस्त्रीवरचा, दुधवाल्यावरचा. हा तसला नव्हता. त्यांचा आवाज उलट खाली आला.

ते म्हणाले, "माझी आई परभणीकडच्या गावात एका मोठ्या घरी अंगण झाडायला जायची. तहान लागली की ओंजळ धरायची, वरून पाणी पडायचं. मी लहान, बरोबर असायचो. मी त्या घरच्या म्हातारीला विचारलं, आम्हाला भांड्यातून का नाही? ती प्रेमाने बोलली, वाईट नाही बोलली, मागल्या जन्मी काही केलं असेल रे बाबा, ते फेडताय. मी आईला विचारलं, आपण काय केलं होतं? आईला आठवेना. ती रात्रंदिवस आठवायची, बेटा. झाडताना मधेच थांबायची. पुढे मी कोर्टात इतकी वर्षं बसलो. खून बघितले, दरोडे बघितले. पण ज्या गुन्ह्याची तारीख नाही, साक्षीदार नाही, आरोपीला स्वतःला माहीत नाही, अशा गुन्ह्याची शिक्षा फक्त माझ्या आईलाच भोगताना बघितली. आम्ही दीक्षा घेतली त्या दिवशी ती घरी येऊन माठातलं पाणी पेल्याने प्यायली आणि म्हणाली, मी काही केलं नव्हतं. एवढंच बोलली."

साहेबांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"जे जे वाट्याला येतं ते सगळं मागल्या केलेल्याचंच, हे तथागतांनी कधीच मान्य केलं नाही. पित्ताने दुखणं येतं, कफाने येतं, ऋतू बदलला की येतं, कुणी मारलं तर येतं. सगळ्याला कम्म म्हणणं, ही चुकीची दृष्टी. आणि चुकीची दृष्टी साधी नसते, बेटा. तिच्यामागे चांगला माणूससुद्धा निर्दयी होतो, आणि त्याला वाटत राहतं मी धर्मच करतोय. ती म्हातारी तशीच होती. आज तू तिच्या जागी बसली आहेस. ओंजळ हिची आहे."

वैशालीच्या डोळ्यांतून धार लागली. मला वाटलं साहेबांनी आता थांबावं. ते थांबले नाहीत.

"ओठ दुभंगला त्यात तुझी नियत नव्हती. पण उपाय आहे हे आता तुला माहीत आहे. माहीत असून हिला असंच ठेवलंस, तर ते ग्रहणाने नाही, मागच्या जन्माने नाही. ते तू करशील. आज."

यजमान दारात उभे होते. त्यांचा हात आपोआप खांद्यावर गेला. कुंडी त्यांनाही आठवली असणार.

वैशाली म्हणाली, "मला भीती वाटते."

साहेबांचा चेहरा एकदम सैल पडला. "वाटणारच. भीती वाटणं म्हणजे पाप नाही. तिला घरी ठेवायचं नाही, बरोबर घेऊन चल. मीही घेऊन येतो माझी."

तिने दुपट्टा काढला. बाळ जागंच होतं. साहेबांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "हौ, नाक आजीवर गेलंय, त्याला डॉक्टर काही करू शकणार नाहीत." वैशाली रडता रडता हसली. मी हसले नाही, पण ते जाऊ द्या.

पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रियेच्या सकाळी साहेब दवाखान्यात आले ते काळा कोट घालून. उन्हाळा सरलेला नव्हता, घामाने भिजले, पण कोट काढेनात. बाळाला आत नेलं. वैशाली दाराकडे बघत बसली, जावयांनी तिचा हात धरला होता. साहेब बाकावर डोळे मिटून, पाठ ताठ करून बसलेले. मी हळूच विचारलं, ध्यानाला बसलात का? डोळे न उघडता म्हणाले, "नाही बाई. इथे रक्ताचा वास येतो. उघडले तर पडेन."

नर्सने बाहेर येऊन सगळं नीट झाल्याचं सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी साहेबच उठले, आणि खरंच पडले. मग त्यांनाच खाटेवर निजवून मीठ-साखरेचं पाणी पाजायला लागलं.

विहीणबाई पुढे महिन्याने आल्या. नात मांडीवर घेतली, ओठावरून बोट फिरवलं. जाताना साहेबांच्या पाया पडायला माडीवर गेल्या. साहेबांनी काय विचारलं असेल ते सांगायला नकोच. खाली येऊन विहीणबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "असं काय विचारतात हो हे? पण मी खरं सांगितलं. म्हटलं, भ्याले होते मी." मी विचारलं, मग? "मग पाया पडू दिलं नाही. चहा केला. लई वाईट चहा."

साहेब जाऊन आता काही वर्षं झाली. झोपेतच गेले, इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर तयार ठेवून. माडीवर आता पुण्याकडचं एक जोडपं राहतं, दोघं कॉम्प्युटरवर काम करतात, गोड पोरं आहेत. त्यांच्या घरात पाल निघाली की तीही मलाच हाक मारतात.

साहेबांच्या नावाने विहाराला पंखा द्यावा असं माझ्या मनात आलं. रंगारी ब्रश घेऊन उभा राहिला, आजी, नाव सांगा. आणि मी उंबऱ्यात थांबते तशी थांबले. हे कशाचं? लोकांना कळावं म्हणून, की त्यांना वारा लागावा म्हणून? मी म्हटलं, राहू दे. विनानावाचा पंखा लावला. खाली बसलं की गार वारा येतो आणि मला माहीत असतं कुणाचा. इथेही नाव का लिहिलं नाही ते आता कळलं असेल.

परवा पुन्हा ग्रहण होतं, चंद्राचं, संध्याकाळी उगवतानाच लागलेलं. वैशाली आता इथेच नारायणगुड्याच्या एका शाळेत शिकवते. ती आणि नात आल्या होत्या. नात आता कॉलेजला जाईल इतकी मोठी झाली. ओठावर एक बारीक रेघ आहे, हसली की थोडी वर जाते. मराठी तिला वाचता येत नाही, हे लिहिलेलं मलाच तिला वाचून दाखवावं लागेल. आम्ही गच्चीवर चंद्र बघत होतो. विहीणबाईंचा व्हिडिओवर फोन होता, गुडघ्यांचं चाललं होतं. एवढ्यात नात खाली गेली आणि ताटलीत जाम चिरून घेऊन आली, तिखटमीठ लावलेला. गुलाबी आतला.

वैशालीने माझ्याकडे बघितलं. विहीणबाईही फोनमधून बघत होत्या.

मी विचारलं, "काय गं, आत्ताच कशाला चिरलास?"

ती तोंडात फोड टाकत म्हणाली, "भूक लगी, आजी. और क्या?"

फोनमधून विहीणबाई म्हणाल्या, "मला दाखव गं, आतून लाल निघाला का?"

नातीने एक फोड फोनच्या समोर धरली. मग दुसरी उचलून माझ्या हातावर ठेवली, आणि मी काही न विचारता खाल्ली.